पिवळी गोळी देणारा

"आ कर. जीभ वर. हं, आता जा."

आमच्या आळीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर पहिली गोळी कधी घरी नेऊ द्यायचा नाही. पाण्याचा पेला हातात द्यायचा आणि ती घशाखाली उतरेपर्यंत समोर उभा राहायचा. कल्याणातले भलेभले वकील त्याच्यापुढे आ वासून उभे राहिलेले मी पाहिलेत. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, शाळामास्तर आहे मी, चोर नाही!" तर म्हणतो कसा, "गोळीच्या बाबतीत सगळेच चोर, मास्तर. जीभ वर." असा एखादा खवट माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुम्ही हसला असाल, तसे आम्हीही हसायचो.

महायुद्धात तो पलटणीच्या दवाखान्यात होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला. एवढंच सांगायचा. पुढे काही विचारलं की बाटल्या पुसायला घ्यायचा.

लढाई संपून चारेक वर्षं झाली, तेव्हा आमच्या शाळेच्या भिंतीवर आसपासच्या गावांतल्या गेलेल्या शिपायांच्या नावांची शिळा बसवायचं ठरलं. समितीचा चिटणीस मी. अध्यक्ष एक पेन्शनर मामलेदार. सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचे. सहा नावं बिनबोभाट झाली. सातवं कोपरच्या बाळारामचं. तिथे रावसाहेब अडून बसले.

"हा हिवतापाने गेला. लढला कुठे? शिवाय बरोबरचे सांगतात, औषधाची गोळी चुकवायचा म्हणून मेला. असल्याचं नाव दगडावर? छे!"

मला असा संताप आला! माणूस काय घरच्या अंथरुणावर मेला होता?

दुसऱ्या दिवशी बाळारामचा म्हातारा बाप आणि विधवा बायको शाळेत आली. ती म्हणाली, "मास्तर, तो काय पलून नाय गेला. मंग नाव का नाय?" बाळाराम आमच्या कंपाउंडरच्याच पलटणीत होता, हे मला ठाऊक होतं. मी तडक दवाखाना गाठला.

"रविवारी सभेत ये आणि सांग, की तो कामचुकार नव्हता."

"मास्तर, मला नका ओढू त्यात."

"मूग गिळून बसणार? अरे, त्या बाईचा तरी विचार कर!"

"तिचाच करतोय," तो म्हणाला. मला ती पळवाट वाटली. मी त्याला नाही नाही ते बोललो, अगदी भेकडसुद्धा म्हटलं.

रविवारी तो आला. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सासरा आणि सून वर्गाच्या मागच्या भिंतीशी जमिनीवर बसली होती. रावसाहेबांनी सरळ विचारलं, "बाळाराम गोळी चुकवायचा, हे खरं की खोटं?"

बोल लेका, खोटं म्हण, मी मनात म्हणत होतो.

"खरं," तो म्हणाला. मी हातातली लेखणी खाली ठेवली.

"रोज संध्याकाळी रांग लावून हिवतापाची पिवळी गोळी द्यायची, तोंड उघडून बघायचं, नावापुढे खूण करायची, हे काम माझं. त्या गोळीने पुरुषपण जातं, अशी पलटणीत हूल उठली होती. बाळाराम लग्न होऊन महिन्याभरात आलेला. त्याने हात जोडले. आपल्याकडचा म्हणून मी गोळी न देताच खूण करत गेलो. पुढे ताप त्याच्या डोक्यात चढला. दोन दिवसांत गेला." त्याने घाम पुसला. "त्या पावसाळ्यात तापाने आणि हगवणीने आमची जेवढी माणसं नेली, तेवढी शत्रूने नाही नेली. सगळे शिपाईच होते, रावसाहेब. आणि याला तर मीच मारला."

बाळारामची बायको उठली आणि भर सभेत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाच वर्सं मना पांढऱ्या पायाची बोलतान. घरात, पानवठ्यावर, सगलीकडं. तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

तिने हात उचलला. वाटलं, मारते आता. कितीतरी वेळ तो हात तसाच वर होता. मग तिने पदर सावरला आणि जागेवर जाऊन बसली. रावसाहेबांनी चष्मा पुसला, माझ्यापुढची यादी ओढून घेतली आणि सातवं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

त्या संध्याकाळी जाऊन त्याची माफी मागायला हवी होती. मला धीर झाला नाही. सकाळी कळलं, दवाखान्याच्या किल्ल्या डॉक्टरांच्या हातात ठेवून तो गाव सोडून गेला.

शिळा बसवली त्या दिवशी बाळारामची बायको सगळ्यांच्या आधी आली. तिला वाचता येत नव्हतं. नाव मी दाखवलं, तिने त्यावरून बोट फिरवलं. मग ती जमलेल्या लोकांत कोणाला तरी शोधू लागली.

"तो दवाखान्यातला नाय आला?"

"गेला तो. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही."

तिचा चेहरा उतरला. "तेला एक सांगायचं व्हतं. सासऱ्यानं काल माज्या हातचं पानी घेतलं. पाच वर्सांत पयल्यांदा."

मी नाशिकला चौकशी केली, पुण्याला पत्रं टाकली, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. वीस वर्षं होत आली. तो निरोप अजून माझ्यापाशीच पडून आहे.