अंगठ्यांची जात

सौंदड स्टेशनावर उतरून धानाच्या बांधाबांधानं तासभर चाललं की एक गाव लागतं. तिथल्या शाळेत चोपन्न साली वच्छलाबाई मास्तरीण म्हणून आल्या. तिरोड्याच्या, चोवीस वर्षांच्या, शिक्षकीची नॉर्मल परीक्षा पास आणि मुळात खट्याळ. लहानपणी वर्गात हसल्याबद्दल त्या इतक्यांदा बाकावर उभ्या राहिल्या होत्या, की "वर्ग उंचावरून बघायची सवय मला तेव्हापासूनची," असं सांगायच्या.

गावानं बाईमास्तर कधी पाहिली नव्हती. पहिले आठ दिवस शेतावर जाणारे लोक खिडकीत डोकावून जात. "खरंच शिकवून राहिली गा!" असं एकमेकांना सांगत.

वर्गात बसायला तागाच्या तीन लांब ताटपट्ट्या होत्या. पहिलीवर पोवारांची पोरं, दुसरीवर कुणब्यांची. तिसरी दारापाशी, अर्धी कुजलेली. तिच्यावर शामकला आणि वेशीबाहेरच्या मोहल्ल्यातली तिघं. तहान लागली की त्यांनी ओंजळ धरायची आणि दुसऱ्या कुणीतरी वरून पाणी ओतायचं.

बाईंनी पहिल्याच दिवशी मिसळून बसायला सांगितलं. पोरं बसली. बाई फळ्याकडे वळल्या, 'सर्व माणसे सारखी' असं लिहिलं, मागे पाहिलं, तर उडालेले बगळे परत आपापल्या बांधावर बसावेत तशी सगळी जागच्या जागी! आणि तिथूनच खड्या सुरात म्हणत होती, "सर्व माणसे सारखीऽऽ!"

बाईंना हसू आलं आणि रागही आला. आठवडाभर त्यांनी विचार केला. मग एका सोमवारी त्या म्हणाल्या, "आपल्याच दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. आता बघा, कोणता अंगठा वर आला?"

एकतीस पोरांत सोळांचा उजवा, पंधरांचा डावा. तिन्ही ताटपट्ट्यांवर दोन्ही सापडले.

"आजपासून उजवे पुढं, डावे मागं. पाणी आधी उजवे पितील, आपल्या हातानं."

"काऊन जी बाई?" दुधरामनं विचारलं. हा कुणब्याचा पोरगा वर्गातला मोठा शंकेखोर.

"कारण ते उजवे आहेत."

दुधरामची शंका तिथंच फिटली. तो उजवा होता.

बाईंना वाटलं होतं, पोरं दोन दिवस कुरकुरतील, मग आपण समजावून सांगू. पण पोरांनी खेळ हातातून हिसकावूनच घेतला. दुपारपर्यंत डाव्यांचं अक्षर वाकडं असतं हे सिद्ध झालं. मंगळवारी कळलं की डाव्याले भूत लवकर धरते. बुधवारी डाव्यांनी उजव्यांना चिंचा द्यायचं बंद केलं. गावातही बायका रोवणीच्या चिखलात उभ्या राहून बोटं गुंफून पाहू लागल्या, आणि एका सोयरिकीत पोरीच्या मामानं नवरदेवाचा अंगठा तपासला म्हणतात.

गुरुवारी बाई पाट्या तपासत होत्या. एका पाटीवरचा भागाकार बरोबर होता, तरी त्यांनी तो दुसऱ्यांदा पाहिला. 'डावा आहे, कुठंतरी चुकला असेल.' मनात आलेलं वाक्य ऐकून बाई दचकल्या. हे थोतांड आपणच काढलं ना? चार दिवसांत आपल्यालाच लागलं? उद्या खेळ मोडायचा, असं त्यांनी ठरवलं.

पण शुक्रवारी सकाळी धनलालजी दारात उभे. हे गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी सरकारनं तीन वर्षांपूर्वीच घेतली होती, पण ती त्यांच्या चालण्यातून अजून गेली नव्हती. त्यांची नात रामकली डावी निघाली होती.

"मास्तरीनबाई, माझी नातीन दारापाशी कायले बसून राहिली?"

"तिचा डावा अंगठा वर येतो."

"मंग? जन्मानं येते थो! तिनं काही गुन्हा केला का?"

"नाही."

"थे मैली हाय का?"

"नाही जी."

"मंग कोन्या कायद्यानं मांगं बसवली?"

"कायदा नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुमचा कोणता येतो?"

विचार करायच्या आत धनलालजींनी छत्री काखेत मारून बोटं गुंफली. डावा!

वर्गात हसू फुटलंच. "मालगुजार डावे! मांगं बसवा!" दुधराम तर ताटपट्टीवर लोळला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून शामकला उठली. पाच दिवसांची नवी जागा तिनं हातानं झटकली आणि साधेपणानं म्हणाली, "बाई, यायले माही जागा द्या. मले मांगची सवय हाय."

हसणं विझलं. धनलालजींनी गुंफलेली बोटं सोडवली आणि ते निघून गेले.

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. पोरं भडकली. "पाच दिवस खोटं?" सगळ्यात जास्त दुखावला दुधराम, कारण त्याचंच राज्य गेलं होतं. रामकली मात्र कुजक्या ताटपट्टीचे धागे उपसत बसली. मग तिनं विचारलं, "बाई, हे तुम्ही बनवलं. आधीचं कोनं बनवलं होतं?"

"मला ठाऊक नाही. घरी विचारा."

पोरांनी विचारलं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला जुळलं नाही, आणि दोघांना थपडा मिळाल्या.

त्यानंतर दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून जागा ठरू लागल्या. पाण्याचं मात्र सहज जमलं नाही. दोन बापांनी पोरं महिनाभर घरी ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात एकदा रामकलीनं शामकलाच्या हातातच पेला दिला आणि वैतागून म्हणाली, "घे ना वं बुडवून, माहे हात दुखून राहिले!" गावात आठ दिवस बोंब झाली. मग लोकांना दुसरं काही सापडलं.

अठ्ठावन्न साली सातवीच्या परीक्षेला शाळेतून दोनच पोरी बसल्या, रामकली आणि शामकला. बाई त्यांना रेंगीत घालून तालुक्याला घेऊन गेल्या. रेंगी आणि बैल धनलालजींचे होते. गाडी कोणाकोणाला घेऊन चाललीय, हे त्यांनी विचारलं नाही, बहुतेक मुद्दामच. वाटभर दोघी पोरी एका गणितावरून भांडत होत्या, आणि दोघींचंही उत्तर चुकीचं होतं.