तळ दिसू दे

गिरणी बंद दिसली तेव्हाच मला कळलं. नाशिकच्या आमच्या कॉलनीत फोन एकच, द्वारका चौकाकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीत. मुंबईहून ट्रंक कॉल आला की गिरणीवाले सदूकाका गिरणी चालूच ठेवून फोनमध्ये ओरडायचे आणि दळणाला आलेल्या बायका डबे धरून विचारायच्या, "आज लघवी झाली का शकूताईंना?" एरवी असा शब्द चारचौघांत कोणी उच्चारला नसता, पण ते दिवसच तसे होते... त्या दुपारी मी शाळेतून येत होते आणि रस्ता एकदम शांत वाटला. सदूकाका दारात उभे होते, भुवयांवर पीठ तसंच. "मंदाबाई, शकूताई गेल्या," एवढंच म्हणाले.

त्याला आता दीडएक महिना होईल. शकूताई आणि मी एकाच शाळेत शिकवायचो आणि राहायचोही भिंतीला भिंत लावून. दुष्काळ पडला त्या साली नोकरी लागून मी नाशिकला आले, तेव्हा नळाला पाणी करंगळीएवढं. तरी शकूताईंच्या दारातला माठ कधी रिकामा दिसला नाही. पोस्टमन असो नाहीतर शाळा तपासायला आलेला साहेब, 'या-बसा'च्या आधी पाणी. भांडं हातात द्यायचं आणि समोर उभं राहायचं. "तळ दिसू दे," म्हणायच्या. अर्धं भांडं ठेवलेलं त्यांना खपत नसे. मी चिडवायचे, "तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी कुणाकडून तरी तहान उसनी आणावी लागते!" त्या हसायच्या. एकदाच, माठ घासता घासता म्हणाल्या, "लहानपणी विहिरीवर आम्हाला ओंजळ धरून उभं राहावं लागायचं. वरून कोणी ओतेल तेव्हा प्यायचं. आणि ओतणारीचा हात मधेच थांबायचा गं. तहान अर्धीच राहायची." चिडवणं मी सोडलं नाही, पण भांडं मात्र पूर्ण रिकामं करू लागले.

गेल्या थंडीत त्यांचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलून झाला, पित्त म्हणून सुंठ चाटवून झाली. फळ्यावरची त्यांची ओळ तिरकी खाली उतरू लागली, तेव्हा मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे जायला लावलं. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ सांगितली. साधी आहे, पण काढायलाच हवी. मुलांचे तास बुडायला नकोत म्हणून शकूताईंनी मे महिना ठरवला. मलाही सुटी होती, त्यामुळे त्यांचे यजमान भास्करराव यांच्यासोबत मीही गेले. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. गाठ सगळी निघाली. शुद्धीवर येऊन त्यांनी मला नावानं हाक मारली, तेव्हा आम्ही दोघं व्हरांड्यात वेड्यासारखे हसलो. वाटलं, सुटलो!

दुसऱ्या दिवशी खाटेला लावलेली लघवीची पिशवी रिकामीच. त्याच्या पुढच्या दिवशी तळाशी काळ्या चहासारखे चार थेंब. डॉक्टर म्हणाले, इतक्या लांबलेल्या ऑपरेशनात रक्तदाब फार खाली गेला, त्याचा फटका मूत्रपिंडांना बसलाय. बहुतेकांची पुन्हा सुरू होतात, पण तोवर अंगात पाणी साठलं तर ते फुफ्फुसात चढेल. म्हणून पाणी बंद; दिवसाकाठी मोजके चमचे, बस. रक्तातली घाण निघावी म्हणून पोटात नळी घालून बाटल्याच्या बाटल्या पाणी सोडायचे, परत काढून घ्यायचे. आणि ओठ मात्र कोरडे ठाक. "मंदा, घोटभर दे ना गं..." त्या म्हणायच्या. जिच्या दारातून मी कधी तहानलेली परतले नाही, तिला मी 'नाही' म्हणत होते. बोलताना, जेवताना, माझी नजर सारखी त्या पिशवीकडे जायची. अजूनही नळ ठिबकताना ऐकला की मान आपोआप तिकडे वळते.

त्यातच त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, वणीहून आल्या. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण जातं? फाटकाबाहेरच्या गाडीवरून शहाळं तासून घेऊन वर आल्या. लघवी अडली म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय सुचणार! मी औषध आणायला खाली गेले होते. परत येऊन बघते तो खाटेखाली शहाळं, रिकामं. शहाळ्यातले क्षार अशा पेशंटचं हृदय बंद पाडू शकतात, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं.

"आक्का, पाजलंत त्यांना?" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाय गं बाई! तोंडाशी नेलं, तर तोंड फिरवलं तिनं. म्हनली, मला बंद हाय, तू पी. माझ्यासमोर पी. लय गळ घातली... पिली मी. पार सरस्तोवर बघत व्हती."

शकूताई उशीवरून माझ्याकडे बघत होत्या. फुटलेल्या ओठांनी म्हणाल्या, "उन्हातून आली होती गं ती."

मग येईल त्याला त्या पाणी प्यायला लावायच्या. मला ते बघवायचं नाही.

शाळा उघडली आणि मी नाशिकला परतले. मग तो गिरणीतला फोन. एके दिवशी भास्कररावांचा आवाज कापत होता, "मंदाताई, पिशवी भरली!" सदूकाकांनी पेढे आणले. लघवी झाली म्हणून पेढे वाटणारी आमची पहिलीच कॉलनी असेल. पण नळीच्या जागेतून पोटात जंतू शिरले, ताप चढला, आणि थकलेल्या शरीराला तो सोसला नाही. मूत्रपिंडं शेवटपर्यंत चालू होती म्हणे. या गोष्टीचा मला अजून राग येतो. कोणावर, ते कळत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. परवा भीत भीतच मी त्यांच्याकडे गेले. दारात माठ होता, त्याच्याभोवतीचं फडकं ओलं. मी बसायच्या आधीच भास्करराव भांडं भरून घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरांनी पाणी मोकळं केलं त्या दिवशी एवढंच भांडं दिलं होतं तिला. सगळं प्यायली. मग उलटं करून दाखवलं मला... हसत होती."

दोन घोट घेऊन मी थांबले. भांडं खाली ठेवावं म्हणून मान वर केली. भास्करराव समोर उभे होते, शकूताईंसारखेच, हात बांधून.

मी सगळं पाणी प्यायले आणि भांडं उलटं करून त्यांना दाखवलं.