हुकाच्या बाजूची वाटी

आधीच सांगून ठेवते, मला राग येतो आणि तो लवकर जात नाही. आमचे हे म्हणतात, "तू जुनं काहीच विसरत नाहीस." विसरायला काही नाही हो, पण ज्यांनी विसरायला सांगायचं त्यांनी आधी कबूल तरी करावं!

आमच्याकडे पद्धत अशी, की लग्नात मुलीच्या गळ्यात पडते ती माहेरची वाटी, एकटीच. सोळाव्या दिवशी सासरी तिच्या शेजारी दुसरी ओवतात, ती सासरची. मंगळसूत्राच्या हुकाच्या बाजूला माहेरची, पलीकडे सासरची. दोन्ही दिसायला सारख्या हव्यात, म्हणून दोन्ही घरची माणसं एकाच सोनाराकडे जातात. माझ्या वेळी तो सोनार सासूबाईंनी ठरवला. खेडच्या बाजारातला, त्यांच्या माहेरापासूनचा. "आमचं सगळं तिथेच होतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या बाबांनी मान हलवली. बाबांना कुठलाही सोनार चालला असता. सोनाराच्या पायरीवर ते आयुष्यात चढलेच किती वेळा!

बाबा मुंबईला एका गोदामावर वॉचमन होते. जन्मभर दुसऱ्याच्या मालाची राखण केली, पण घरी कधी एक खिळा आणला नाही. रिटायर होऊन खेडजवळच्या आमच्या गावी आले, तर तिथेही तीच सवय. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा आमच्या अंगणात पडला तर उचलून त्याच्या पडवीत ठेवून यायचे. आई चिडायची. वाटी घ्यायला गेले तेव्हा सोनाराला म्हणाले होते, "लहान चालेल, पण चोख हवी. बावीसची." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, मी शेजारीच उभी होते. काही दिवसांनी डबी मिळाली. आत गुलाबी कागद, वर चिकटवलेली चिठ्ठी: मुलीकडची, बावीस. बाबांनी ती डबी बनियनच्या आतल्या खिशात घालून एसटीतून घरी आणली. मला आठवतं, वाटेत दोनदा तरी छातीला हात लावून पाहिला.

माझं सासर सावर्ड्याला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा मंगळसूत्राची तार तुटली. सासूबाई म्हणाल्या, तार बदलतेसच तर वाट्याही मोडून जरा मोठ्या करून घे. दोघी चिपळूणला गेलो, कारण खेडपेक्षा ते जवळ. त्या दुकानात सोनं तपासायचं मशीन होतं. मुलाने एकेक वाटी आत ठेवली आणि म्हणाला, "ताई, दोन्हीचं सोनं वेगळं आहे हं. ही बावीसची. ही अठराची."

मी म्हटलं, असं कसं?

"लहान जिन्नस आहे, यावर शिक्का नसतो ना. मशीन खोटं नाही सांगणार."

सासूबाई पाणी पीत होत्या. त्यांचा ग्लास तोंडाशीच राहिला. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं आणि विचारलं, "अठराची कुठली? हुकाच्या बाजूची?"

तो म्हणाला, हो.

"म्हणजे तुझ्या माहेरची," असं मला म्हणून त्या उठल्या. नुसती तार बदलून घेतली, वाट्या मोडायच्या राहिल्या.

झालं! त्या दिवसापासून घरात त्या वाटीला नाव पडलं, अठराची. मोठ्याने कोणी भांडलं नाही. आमच्या घरात भांडत नाहीत, आमच्या घरात हसत हसत बोलतात. हळदीकुंकवाला बायका जमल्या की सासूबाई अत्तर लावता लावता म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंचं माहेर साधं हो. अठरा कॅरेटचं." बायका हसायच्या. मी तिथेच तिळगुळाचं ताट घेऊन उभी. एकदा मी फाडकन म्हटलं, "माझे बाबा असं करणार नाहीत." तर त्या म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं? गरिबाला नाही जमत एखादी गोष्ट. त्यात लाज कसली?" अंगाची लाही लाही झाली माझ्या. हे नोकरीला मुंबईला. ह्यांना फोन केला, तर हे म्हणाले, "आईचं काय मनावर घेतेस?" आईचं घ्यायचं नाही, तर मग कोणाचं घ्यायचं?

मी बाबांना सांगणार नव्हते. पण असल्या गोष्टी एसटीच्या आधी पोचतात. सावर्ड्याची एक बाई आमच्या गावात दिलेली, तिने नेऊन पोचवलं. बाबा दुसऱ्याच दिवशी दारात उभे. चहा घेतला नाही. मला म्हणाले, "बाय, वाटी दे काढून. आनि चल माझ्यासंगती."

खेडला गेलो. सोनाराने वाटी हातात घेऊन वरखाली केली, मशीनवर ठेवली. हो, आता त्यांच्याकडेही मशीन आलं होतं. मग चष्मा काढून म्हणाला, "अठराचीच आहे. काका, तुम्ही बावीसची मागितली असणार, तर घोळ आमच्याकडून झाला असेल. त्या दिवशी दोन डब्या एकदमच तयार झाल्या. चिठ्ठ्या लावताना इकडची तिकडे गेली असेल."

माझा जीव भांड्यात पडला. झालं की, दुकानाची चूक! मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसेना.

"दुसरी डबी कोनाची होती?" त्यांनी विचारलं.

सोनार पंख्याकडे बघायला लागला. "आता एवढं कुठे आठवतंय, काका? लग्नसराई होती. वाटी ठेवून जा, मी बावीसची करून देतो. एक पैसा घेणार नाही."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बदलून नको. तुमी आमच्या विहीणबायना फोन करा आनि एवढंच सांगा, का चूक दुकानाची हाय, मुलीच्या बापसाची नाय."

"ते आम्ही कसं सांगणार? घरातल्या गोष्टीत आम्ही कशाला पडायचं?"

"घरातली गोष्ट नाय. चिठ्ठी तुमची हाय."

सोनाराने हात वर केले. "दोन्ही घरं आमचीच गिऱ्हाइकं, काका. वाटी घ्यायची तर घ्या."

मी तावातावाने बोलायला गेले, तर बाबांनी माझा दंड धरला. वाटी रुमालात बांधली आणि पायरी उतरले. डेपोत बाकड्यावर बसल्यावर मी म्हटलं, "बाबा, बदलून देत होता तर घ्यायची ना! विषय संपला असता."

"कसा संपला असता? मी परत दिली म्हंजे ती माझी झाली. लोक म्हनतील, म्हातारा हलकी घेऊन गेला होता, उघडकीला आला, तर गुपचूप बदलून आनली."

"मग काय करायचं?"

"बगू," एवढंच म्हणाले. मला वाटलं, थकलेत.

वाटी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. माझ्या गळ्यात एकच राहिली, सासरची. आता सासूबाईंना दुसरा विषय मिळाला. म्हणायच्या, अर्धं मंगळसूत्र घालून फिरते, माझा मुलगा मुंबईला, बरं दिसतं का? बायका वाटेत थांबवून माझ्या गळ्याकडे बघायच्या. मुलीला थोडा ताप आला तरी त्या वाटीचं नाव निघायचं. मी बाबांना फोनवर एक शब्द सांगत नव्हते, पण आवाज लपवता येतो का? एकदा मी फोनवर रडले. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

गणपतीत ते आले. नारळ आणि आमच्या परड्यातली काकडी घेऊन. आरती झाली होती, घर माणसांनी भरलेलं, हे पण आलेले. बाबांनी गणपतीला नमस्कार केला आणि सरळ सासूबाईंपुढे जाऊन खिशातून डबी काढली. उघडून दाखवली. नवी, झगझगीत वाटी.

"विहीणबाय, माझ्याकडून हलकी आली होती. बदलून आनलीय. लेकीला बोलू नका."

आणि हात जोडले.

अख्ख्या घरादेखत! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात मोदकांचं ताट. ओरडावंसं वाटत होतं, खोटं आहे, दुकानाची चूक आहे, यांना कशाला हात जोडायला लावता! पण बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं तोंड शिवल्यासारखं झालं. सासूबाई गोड हसल्या. "अहो, चालायचंच. बसा, चहा घ्या," म्हणाल्या. बाबा बसले. चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

मला बाबांचाही राग आला होता. मी म्हटलं, गरज काय होती? अजून चार लोकांना घेऊन दुकानावर गेलो असतो. ते म्हणाले, "तुला तिथं नांदायचं हाय, बाय." पुढच्या शिमग्यानंतर ते गेले. छातीत दुखलं, कळंबणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नाही. दिवसकार्याला गावच्या माणसांत कोणीतरी कोणाच्या तरी कानात वाटीचं बोललं. तेव्हासुद्धा! मी ऐकलं.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. नवरीकडची वाटी नवरीकडच्यांनी आधीच घेतली होती, आता आमच्याकडची घ्यायची. सासूबाईंचा पाय दुखतो म्हणून मी सोबत गेले. तेच खेडचं दुकान, तोच सोनार, आता केस पांढरे. त्याने सासूबाईंना खुर्ची दिली, सरबत मागवलं. ट्रे काढता काढता आपल्या आठवणीवर खूश होऊन म्हणाला, "तशीच ना, काकी? मोठ्या सूनबाईंच्या वेळी घेतली होती तशी? अठराची?"

सासूबाई म्हणाल्या, "हो, तशीच. लहान वाटीला अठराच बरी, टिकते." आणि मग त्यांना आठवलं की मी शेजारी उभी आहे.

लग्नसराईत आठवत नव्हतं त्याला! आता काय मस्त आठवलं. दुसरी डबी कोणाची होती, ते मला त्या काउंटरवर कळलं. आणि बाबांना ते तेव्हाच कळलं होतं, हेही कळलं. म्हणून ते गप्प झाले. चिपळूणला ग्लास तोंडाशी राहिला, तो धक्क्याने नाही. अठराची सासूबाईंनी मागितली होती, बावीसची माझ्या बाबांनी, आणि चिठ्ठ्या फिरल्या. यांना ते त्याच क्षणी ठाऊक होतं. इतकी वर्षं यांची बावीसची म्हणून मी मिरवली ती वाटी माझ्या बापाची होती.

बाहेर पायरीवर आल्यावर म्हटलं, "आई, माझ्या बाबांना तुम्ही हात जोडू दिलेत."

त्या रिक्षा बघत होत्या. "आता कशाला उकरून काढतेस?"

"तुम्हाला माहीत होतं."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण आता कोणाला सांगायचं? ते तर गेले बिचारे."

बिचारे! आणि हा शब्द त्यांच्या तोंडून! ह्यांना रात्री फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, लग्नघर आहे, आत्ता नको. मग कधी?

धाकट्या जावेसाठी घेतलेली वाटी मी दुसऱ्या दिवशी चिपळूणला नेऊन तपासून आणली. अठराचीच. या वेळी चिठ्ठी बरोबर होती.

सोळाव्या दिवशी नवरीचे आईवडील आले, वेळणेश्वराकडची साधी माणसं, बरोबर फणस. नवरी पाटावर बसली. सासरची वाटी मोठ्या जावेने ओवायची, म्हणजे मी. घर भरलेलं होतं. सासूबाई समोर खुर्चीवर. मी डबीतून वाटी काढली आणि मोठ्याने म्हटलं, "ही आमच्याकडची वाटी. अठराची आहे. सगळ्यांनी ऐकून ठेवा. पुढे कधी तपासलीत आणि हलकी निघाली, तर ती आमची."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. आणि नवरीचा बाप गडबडून उठला. त्याला वाटलं, आपल्या लेकीमुळे काहीतरी वाद झाला. दोन्ही हात जोडून तो सासूबाईंना म्हणाला, "अहो असू दे, असू दे. आमचं काय म्हणणं नाय."

मी वाटी तशीच हातात घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, हात खाली घ्या," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलेलं नाही."

त्याने हात खाली घेतले. मग मी पाटावर वाकून वाटी ओवली.