वहिनींची दुसरी गोळी

ओतकामाच्या कारखान्यात छपराखालून रुळांवर धावणारी एक क्रेन होती आणि ती वहिनी चालवायच्या. खरं तर त्या वहिनी फक्त त्यांच्या दिराच्या. तो खाली उभा राहून हाताने खुणा करायचा, आणि त्या वरच्या केबिनमधून वितळलेल्या लोखंडाची बादली भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायच्या. त्याचं ऐकून अख्खा कारखानाच त्यांना वहिनी म्हणू लागला. फोरमन वयाने दहा वर्षांनी मोठा, पण तोही.

एका दुपारी बादली लटकवायच्या साखळीची कडी तुटली. बादली रिकामी होती, खाली कुणी नव्हतं, नुसता आवाज झाला. नवी साखळी आली आणि सगळ्यांच्या लेखी विषय संपला. वहिनींच्या लेखी तो तिथूनच सुरू झाला. शिडीला हात लावला की तोंडाला कोरड पडायची. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकून ओरडायच्या, आणि नवरा चेष्टा करायचा की हिच्यापेक्षा कुकर बरा, तो निदान सांगून ओरडतो.

शेवटी गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी गोळी दिली आणि समजावलंही. "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते या गोळीने वाढतं. पण माणूस घाबरला की मेंदूतून मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींना निरोप जातो आणि त्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं रसायन सोडतात. तो निरोप धाडण्यातही सेरोटोनिनचा हात असतो. त्यामुळे सुरुवातीला भीती उलट वाढू शकते. मेंदूला सवय झाली की उतरेल. तोवर उंचावरचं काम नको."

शेवटचं वाक्य वहिनींनी दवाखान्यातच सोडलं. फोरमनला कळलं तर क्रेन जाणार, आणि आयुष्यात स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली ती एकच गोष्ट होती.

भीती खरंच वाढली. रात्री डोळ्याला डोळा लागेना. आता वहिनींची सगळी अक्कल भट्टीपाशी घडलेली. भट्टी पेटताना आधी धूरच करते, तेव्हा हात आखडायचा नसतो, आणखी कोळसा घालायचा असतो. त्या हिशोबाने त्यांनी एका सकाळी एकीच्या जागी दोन गोळ्या घेतल्या आणि शिडी चढल्या.

बादली भरली. त्यांनी ती उचलली, निम्म्या वाटेवर आणली, आणि पाचावर धारण बसली. दरदरून घाम फुटला. छाती अशी धडधडत होती की यंत्राचा आवाज ऐकू येईना. साखळीची प्रत्येक कडी आता तुटेल, मग आता तुटेल, असं वाटत होतं. खाली साच्यांपाशी माणसं वाट बघत उभी होती आणि दीर हाताने "पुढे" म्हणत होता. वहिनींचा हात क्रेन चालवायच्या दांड्यावर होता, पण तो त्यांचं ऐकेना. जरा जरी झटका बसला तर लोखंड खाली सांडणार होतं, आणि लटकत ठेवलं तर बादलीतच थिजणार होतं.

त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. तो सगळ्यांना ऐकू जायचा.

"भाऊजी, मला भीती वाटतेय. हात चालत नाहीत माझे."

दिराने सगळ्यांना मागे हटवलं. तो स्वतः मात्र तिथेच थांबला, कारण त्याच्या खुणांशिवाय वहिनींना वरून खालचा नेमका अंदाज येत नसे.

"साच्यांवर नको," तो म्हणाला. "वाळूच्या खड्ड्यात ओतू. साखळीकडे बघू नका, माझ्या हाताकडे बघा. सावकाश."

त्याचा हात बोटभर हलला की त्या दांडा बोटभर हलवत. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. लोखंड खड्ड्यात गेलं, वाळू तडतडली, आणि वहिनी केबिनमध्ये हुंदके देऊन रडल्या.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या गोळीवरून चांगलंच फैलावर घेतलं. पुन्हा एकच गोळी, आणि बरं वाटेपर्यंत काम जमिनीवर. क्रेनवर दुसरा माणूस आला.

पहिल्या दिवशी वहिनी दिराच्या शेजारी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या चालत्या क्रेनच्या जवळ खाली कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. भरलेली बादली डोक्यापेक्षा उंच, अंगावर धग सोडत त्यांच्याकडे येऊ लागली, तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या. वर बसून एवढी भीती त्यांना कधी वाटली नव्हती, त्या दिवशीसुद्धा नाही.

"भाऊजी, तुम्ही रोज इथे उभे राहता?"

"हो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की," दीर वर बघतच म्हणाला. "पण वर तुम्ही असायचात." आणि नव्या माणसाला खूण करण्यासाठी त्याने हात उचलला, तेव्हा तो हात थरथरताना वहिनींना पहिल्यांदाच दिसला.