आबांची पहिली ओळ

बोलता बोलता आबा मध्येच थांबायचे, उजवा हात कानामागे न्यायचे आणि बघत राहायचे. समोरच्यानं 'हं' म्हटल्याशिवाय त्यांची गाडी पुढं सरकायची नाही. "हां म्हना की! म्या काय भिंतीसंगं बोलतुया व्हय?"

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मला आबा भेटले ते जर्मनीत. बारामतीजवळच्या लोणी भापकरचे, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आता ऊस. माझ्या ऑफिसातल्या त्यांच्या मुलाकडे काही महिने राहायला आले होते. मी बारामतीची म्हटल्यावर त्यांनी मला माहेरवाशीणच करून टाकलं.

ट्राममध्ये शेजारच्या जर्मन बाईला ते उसाच्या तोडीबद्दल सांगत, मराठीतच. मग हात कानामागे. ती बिचारी गोंधळून मान हलवायची. "बाई गुनाची हाय," आबा म्हणायचे, "ऐकती तरी."

आमचं मराठी मंडळ तिथल्या वाचनालयात कवितावाचन करतं. आबांनी हौसेनं नाव दिलं. गावाकडे ते धाकट्या भावाबरोबर धनगरी ओव्या म्हणत. आबा ओळ टाकणार, भाऊ शेवटचे शब्द मागून धरणार, मग पुढची ओळ. भाऊ वारल्यापासून आबांची ओवी बंद होती, त्यामुळे मला जरा धाकधूकच होती.

आबा फेटा बांधून उभे राहिले. खणखणीत आवाजात ओळ टाकली, "माळावर हुबं बोरीचं झाड, बोरीचं झाड..." आणि थांबले. हात कानामागे, नजर मुलावर.

कवितेला आलेली शहाणी माणसं सगळी चिडीचूप. मुलानं डोकं मोबाइलमध्ये घातलं. आजोबा विसरले असं वाटून सूत्रसंचालक बाईंनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच कडाडून वाजवल्या. आबा नमस्कार करून खाली बसले.

परतताना गाडीत मी म्हटलं, "आबा, मी धरते मागं. म्हणा पुढची."

"तू धरशील गं पोरी. पन भावाच्या माघारी घरातल्यानं धराया पायजे. ह्यो धरंल की कवातरी."

"मला नाही येत ते, आबा," गाडी चालवणारा मुलगा म्हणाला.

"त्यात काय यायचं हाय? म्या म्हनलेलं मागं म्हनायचं."

त्यानंतर रोज सकाळच्या चहाला आबा ती एकच ओळ टाकून बघत, मला तेच फोनवर सांगायचे. मुलाची मीटिंग चालू असे. आबा चिडत नसत. मलाच त्याचा राग यायचा. परत जाताना विमानतळावरही त्यांनी ती टाकली. "आबा, लोक बघतायत," मुलगा म्हणाला. आबा हसले आणि आत गेले.

दिवाळीनंतर गावी आबा वारले. मुलगा जाऊन दिवस करून आला.

यंदाच्या वाचनाला मी माझी कविता पर्समध्येच ठेवली. उभी राहिले, आबांची ओळ म्हटली आणि थांबले. आबांची आठवण काढायची, एवढंच मनात होतं.

मागच्या रांगेतून आवाज आला, "बोरीचं झाड, बोरीचं झाड, जी..."

मुलगा उभा होता. आवाज थेट आबांचा, जरा बसलेला. माझा सगळा राग तिथंच विरघळला. डोळे पुसून तो माझ्याकडे बघत राहिला, पुढच्या ओळीची वाट बघत.

ती मला येत नव्हती.