शून्याचा वाफा

भुकेल्याच्या पानात न विचारता वाढावं, अशी आमच्या घरची शिकवण. ती मी एका गव्हाच्या वाफ्याला लावली आणि शेवडे दीदींच्या बारा वाफ्यांचा घोळ करून ठेवला. नऊ वाफे हिरवेगार होते, तीन पिवळट; त्यांतला रस्त्याकडेचा सगळ्यांत केविलवाणा. दीदी विहिरीकडे गेल्या होत्या. बांधावर शेतमालकाचं युरियाचं पोतं उघडं होतं. मी दोन मुठी फेकल्या, हात पँटला पुसले आणि पुण्य केल्यासारखा गाडीत जाऊन बसलो. तो वाफा मुद्दाम उपाशी ठेवला होता, हे मला परत येताना गाडीत दीदींच्या बोलण्यातून कळलं. कबूल करणं मी पुढच्या रविवारवर ढकललं.

कुमुद शेवडे रायपूरच्या पुरानी बस्तीत आमच्या शेजारी राहतात. कृषी संशोधनाच्या शेतावर आयुष्यभर गव्हाच्या चाचण्या घेतल्या आणि निवृत्त झाल्यावरही गव्हाला सोडलं नाही. नवा रायपूरच्या पलीकडे खेमलाल नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना जमिनीचा एक तुकडा दिला होता. तिकडे बस क्वचितच, म्हणून दर रविवारी सारथी मी. ऑफिसात माझ्या सहीशिवाय फाईल हलत नाही; शेतावर मात्र माझं काम छत्री धरायचं.

गव्हाची तीन वाणं, प्रत्येकाला खताच्या चार मात्रा: काहीच नाही, अर्धी, पूर्ण आणि दीडपट. दीदी पुड्या घरीच तोलून आणत, प्रत्येकीवर नंबर. मी एकदा म्हणालो, "दीदी, अंदाजानं टाका ना."

"काहून? तुमच्या पगाराचा अंदाज करते का ऑफिसवाले?"

कोणतं वाण चांगलं, असं कोणी विचारलं की म्हणत, "मले काय विचारता, गव्हाले विचारा. मी फक्त त्याचं बोलणं लिहून राहिली."

दहा-बारा दिवसांत माझा वाफा गडद हिरवा झाला. त्या रविवारी गावातले पंधरा-वीस शेतकरी पुढच्या हंगामाचं बियाणं ठरवायला आले होते. खेमलालनं पाटी वाचली, 'बुटकं वाण, खत शून्य', आणि ओरडला, "ये बीजा ल त खातूच नइ लागय, दीदी!" खातू म्हणजे खत. सगळे खूश. बिनखताचा गहू कोणाला नको?

दीदी खाली बसल्या. एक पान तोडलं, उन्हात धरलं.

"नाही भैया. इसको खाद मिला है," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "मीच टाकलं असन. मागच्या रविवारीच शंका आली होती. घरच्या पुड्या तीनदा मोजल्या, बरोबर हायेत. पण टाकल्याचं आठवतच नाही. वय झालं, बापा."

त्यांनी वही खेमलालच्या हातात ठेवली. "अब तुम लिखना. मेरा हाथ अब भरोसे का नहीं रहा."

ज्या बाईनं उभ्या जन्मात चिमूटभर खत अंदाजानं टाकलं नव्हतं, ती माझ्यामुळे स्वतःवर संशय घेत होती. मी छत्री मिटली आणि म्हणालो, "दीदी, मी टाकलं."

"काय?"

"युरिया. मले दया आली."

शेतकरी हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "साहब, हमर खेत म घलो थोरकन दया कर देव!" आमच्याही शेतावर थोडी दया करा म्हणे.

दीदी हसल्या नाहीत. "किती?"

"दोन मुठी."

"मूठ कोणाची? दाखवा."

भर सभेत त्यांनी मला पोत्यात हात घालायला लावला, मूठ पिशवीत रिकामी करवली आणि काट्यावर तोलली. एकदा नाही, तीनदा. मग खेमलालच्या हातातून वही काढून घेतली, 'शून्य' खोडलं आणि माझ्या मुठीचं वजन दुप्पट करून लिहिलं.

"चूक बी मोजूनच लिहा लागते," त्या म्हणाल्या. "अन् ऐका भाऊ, त्या वाफ्याले उपाशी मारून नव्हती राहिली मी. खतानं किती दिलं, हे कोणापासून मोजाचं? त्याच्यापासूनच ना!"

आता मात्र त्या खदाखदा हसत होत्या. "अन् मी इकडे आठवणीसाठी ब्राह्मी खाऊन राहिली!"

पुढे दीडपट खताचा उंच देशी गहू एका वाऱ्यात आडवा झाला. बुटका पूर्ण मात्रेवर ताठ उभा राहिला आणि गावानं त्याचंच बियाणं, खतासकट, ठरवलं. माझ्या वाफ्याचं पीक दीदींनी वेगळं तोललं आणि पुढे लिहिलं, 'हिशेबात धरू नये.' दीदी अजून दर रविवारी शेतावर जातात. पुड्या त्याच तोलतात. मला मात्र पोत्यापासून दहा पावलं लांब उभं राहावं लागतं.

त्या कबुलीच्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. वीस माणसांसमोर चूक मान्य करायला किती छाती लागते, हेही सांगितलं. सुनीतानं पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं.

"बावीस वर्षांत 'मी केलं' हे तुमच्या तोंडून मी एकदाही नाही ऐकलं," ती म्हणाली. "दीदीले विचारून या, तुम्हाले कोणतं खत टाकलं अन् किती. घरी बी टाकाचं हाय."