पाठवणाऱ्याच्या जागी

विजया तांबे मॅडमची आणि माझी पहिली भेट परळच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळघरात झाली. मॅडम तिथल्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. मुलाखतीत त्यांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीच नाहीत. एक बंद पाकीट पुढे केलं आणि विचारलं, "हे कुणी पाठवलंय?" पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव होतं, लालबागचा माझाच पत्ता होता. मी चाचरत म्हणालो, "नाव माझं आहे, पण मी नाही पाठवलं." मॅडम म्हणाल्या, "एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. सोमवारपासून ये."

ईमेलचंही त्या पाकिटासारखंच असतं. कुणीही कुणाचंही नाव लावून पाठवावी. ते अडवायचं, तर संस्थेच्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणत्या यंत्रणांना आहे, याची यादी जाहीर करावी लागते. यादीबाहेरून आलेल्या मेलचं काय करायचं, तेही सांगावं लागतं: नुसती नोंद घेऊन जाऊ द्यायची, बाजूला टाकायची, की दारातूनच परत फिरवायची. आमच्याकडे यातला पहिलाच प्रकार चालू होता, त्याला मॅडम 'बघ्या' म्हणत. त्या वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या, त्यामुळे बघ्यांविषयी त्यांच्या मनात जुनी चीड होती. "खाली मारामारी झाली की गॅलरीत उभे असतात ना, ते. सगळं बघणार, उद्या नावंपण सांगणार. पण खाली कोण उतरणार नाय," असं म्हणताना त्यांची वरळी बाहेर यायची.

रुग्णालयाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात अध्यक्षांच्या मनात आलं, की आपली मेल आली की नावाशेजारच्या गोलात आपलं बोधचिन्ह दिसावं. त्यांना ते चित्र चिकटवण्याइतकं सोपं वाटलं होतं. मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं, की नियम कडक केल्यावर आणि चिन्ह आपलंच असल्याची बाहेरच्या संस्थेने खातरजमा केल्यावरच ते दिसतं. "आधी कुलूप, मग पाटी," असं म्हणून त्यांनी काम माझ्याकडे सोपवलं.

रक्ततपासणीचे अहवाल एका बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेतून जात. ती यंत्रणा यादीत घेतल्याशिवाय दार बंद केलं असतं, तर आमचेच अहवाल परत फिरले असते. कंपनीकडून दोन ओळींची माहिती मागवायची, एवढंच बाकी होतं. गणपती तोंडावर आले होते, मी मंडळाच्या कामात आकंठ बुडालो होतो. नियम कडक झाला का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा "झालंय, मॅडम" म्हणून मोकळा झालो. उद्या करूनच टाकू, असं मनात होतं. एरवी प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळणाऱ्या मॅडमनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. बघ्या गॅलरीतच उभा राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या नावाने खोटी मेल कित्येक पेशंटांना गेली. पत्ता आमचा, आत चिन्ह आमचं. ऑपरेशन थिएटर दुरुस्तीसाठी बंद आहे, तुमची तारीख पुढे गेली आहे, नव्या तारखेसाठी आधारची माहिती भरा, असा मजकूर. बहुतेकांनी फोन करून खात्री केली. भोईवाड्याच्या वसंत घाडींनी केला नाही. शिस्तीचा माणूस, रुग्णालयाने थांबा म्हटलं, ते थांबले. ठरल्या दिवशी त्यांची खाट रिकामी दिसली, ती पुढच्या पेशंटला गेली. दीड महिन्याने ते स्वतःच विचारायला आले, तोवर आजार पसरला होता. दिवाळी त्यांनी पाहिली नाही. त्या दीड महिन्यामुळेच ते गेले, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यामुळे गेले नाहीत, असंही कुणी म्हणालं नाही.

मॅडम मला घेऊन भोईवाड्याला गेल्या. घाडीवहिनींनी नवऱ्याचा फोन पुढे केला. "चिन्ह तर तुमचाच होता. मग आमी वळखूचा कसा?"

"ओळखायचं काम तुमचं नव्हतंच, वहिनी. ते आमचं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एकही सबब सांगितली नाही.

जिना उतरताना मी सगळं कबूल केलं. मॅडम कठडा धरून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुझी आई अंथरुणाला खिळलीय. तुला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय, मला दोन. तू गप्प बसायचं." मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

चौकशीच्या अहवालात मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नियम कडक न करण्याचा निर्णय माझा.' त्यांना विभागातून काढून आवक-जावक टेबलावर बसवलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या मात्र रोज दुपारी डबा घेऊन तळघरात येत, आईची चौकशी करत, सुकटीची चटणी माझ्या पानात वाढत आणि यादीतली एकेक ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचत. शेवटी नियम कडक करायला लावून बघ्याला गॅलरीतून त्यांनीच उतरवलं.

वर्षभराने चिन्ह दिसू लागलं. अध्यक्षांनी पेढे वाटले. आम्ही दोघं पुन्हा भोईवाड्याला गेलो. मॅडमनी वहिनींना मेल उघडून तो गोल दाखवला.

"आता खरा?"

"आता खरं."

"बरा झाला," म्हणत वहिनींनी फोन पालथा ठेवला.

मॅडम निरोप समारंभाशिवाय निवृत्त झाल्या. आता त्यांच्या साठीनिमित्त आम्ही जुने सहकारी हा अंक काढतो आहोत. 'तेवढं प्रकरण वगळा, मॅडमच्या नावाला डाग नको,' असं संपादक मंडळाने मला आपुलकीने सुचवलं होतं. पण तो डाग मॅडमचा नाहीच. त्या अहवालावर पाठवणाऱ्याच्या जागी नाव त्यांचं होतं, चूक माझी होती.

मॅडम, हे वाचून तुम्ही माझ्यावर रागवाल. खुशाल रागवा, आणि त्या रागाला पुरून उरेल इतकं दीर्घ, निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो. पहिल्या दिवशी तुम्ही पाकीट पुढे करून जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मी आज देतो आहे. नाव माझं आहे, आणि या वेळी पाठवलंयही मीच.

— नितीन परब, लालबाग